लाल टोपण, नारिंगी टोपण

डिस्चार्जच्या सकाळी मेट्रनबाई मुद्दाम आमच्या खाटेपाशी आल्या. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, अंगात घरचा सदरा होता, बँडेजवरून चढेल अशी मोठी चप्पल माझ्या भावानं, राजूनं, नव्या पेठेतून आणली होती आणि मी रिकामे डबे पिशवीत भरत होते. “त्या नर्सिंगच्या मुलीचं नाव कॉलेजनं कमी केलंय,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “आता तुम्ही मनात काही ठेवू नका.” वर अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून “आजोबा, जपा बरं का” असंही म्हणाल्या. राजूनं मान हलवली. मीही हलवली. आम्हाला काहीतरी देऊ केलं जात होतं आणि आम्ही ते घेतलं. जिना उतरताना, गाडीत बसताना, वैराग मागं पडेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग मागच्या सीटवरून अण्णांनीच विचारलं, “काढलं म्हंजे? शाळेतनंच काढलं पोरीला?”

त्या प्रश्नाला गाडीत उत्तर मिळालं नाही. राजूनं काच वर केली आणि एसी वाढवला.

अण्णांचं वय ७२, साखर जुनी. अंगठ्याला लागलेली साधी ठेच चिघळत घोट्यापर्यंत आली तेव्हा त्यांना बार्शीहून सोलापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवलं. रोज ड्रेसिंग, अँटिबायोटिक, आणि जेवणाआधी १० युनिट इन्सुलिन. त्या संध्याकाळी इन्सुलिन द्यायला आली ती जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाची मुलगी. अंगानं बारीक, केस जाळीत घट्ट बांधलेले, छातीला पेनाशेजारी कात्री. “आजोबा, जेवण आलंय ना? आल्याबिगर टोचत नाही मी,” असं ती विचारायची, आणि खरंच ताट झाकण काढून बघायची. वॉर्डात नेहमी ४० ची बाटली असे. ज्यांच्या घरात साखर आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, मिलीला ४० युनिट आणि मिलीला १००. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. त्या दिवशी ४० ची बाटली संपली होती, रुग्णालयाच्याच मेडिकलमधून १०० ची आली. मुलीच्या ट्रेमध्ये सिरिंज मात्र लाल टोपणाच्या होत्या, कारण वॉर्डात त्याच असत. तिनं १० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं. लाल टोपणाच्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे पाव मिली. ४० च्या बाटलीतलं पाव मिली म्हणजे १० युनिट, १०० च्या बाटलीतलं पाव मिली म्हणजे २५. अण्णांच्या पोटात २५ युनिट गेले.

बाटली परत फ्रिजमध्ये ठेवताना तिचं लक्ष लेबलाकडे गेलं. तिथून ती धावत स्टाफ सिस्टरकडे गेली, आणि ती धावली हे मी स्वतः पाहिलं, कारण तिची सपात पायातून निसटली आणि तिनं ती तिथंच टाकली. पुढचं सगळं रात्री दोनपर्यंत चाललं. दर थोड्या वेळानं बोट टोचून साखर बघायची, ती फार उतरू नये म्हणून शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, पुन्हा बोट. अण्णांचा सदरा घामानं पाठीला चिकटला, हात थरथरायला लागले, मला ते त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. साखर ५२ पर्यंत उतरली आणि मग हळूहळू चढली. ती मुलगी ड्यूटी संपूनही हॉस्टेलवर गेली नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून प्रत्येक आकडा आधी तळहातावर बॉलपेननं लिहायची, मग कागदावर. पहाटे अण्णांना बऱ्याच वर्षांनी साखरेचा चहा मिळाला म्हणून ते जरा खुशीत होते, त्यावर ती हसली आणि लगेच रडली. राजू बार्शीहून पोचला तो तेव्हाच. जे काही बोलला ते इथं लिहीत नाही. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. वडील आहेत त्याचे.

आम्हाला हे सगळं कळलं, कारण तिनं सांगितलं.

हे वाक्य घरी आल्यावर हळूहळू माझ्या लक्षात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना. समजा, तिनं बाटली निमूट फ्रिजमध्ये ठेवली असती. तासाभरानं अण्णांना घाम फुटला असता, म्हातारा माणूस, पायात जंतुसंसर्ग, कुणी म्हणालं असतं संसर्ग रक्तात गेला, कुणी म्हणालं असतं हार्टचं काहीतरी असेल, आणि साखर बघायची आठवण व्हायला किती वेळ गेला असता देव जाणे. तिला तेव्हाही माहीत असणार की सांगितलं तर काय होतं. हॉस्टेलात मोठ्या मुली लहान मुलींना या गोष्टी पहिल्याच महिन्यात सांगतात. तरी ती सपात टाकून धावली. आणि जे झालं ते तिच्या मैत्रिणींनी पाहिलं. त्या वॉर्डातल्या पुढच्या मुलीचं लक्ष लेबलाकडे गेलं तर ती काय करेल, हा प्रश्न मेट्रनबाईंना पडला नसेल असं मी मानत नाही. त्याही कधीतरी दुसऱ्या वर्षाला होत्या.

आमची आत्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली सिस्टर आहे. सत्तरच्या दशकात ट्रेनिंग, पुढं सगळी नोकरी जिल्ह्याच्या दवाखान्यांत. तिला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तिनं पहिलं काय विचारलं असेल? मुलगी कुणाची, कुठली, हे नाही. “सिरिंज कुठं ठेवत होते? एकाच डब्यात का?” मग ती स्वतःच्या ट्रेनिंगचं सांगत बसली. चूक झाली की कुणी सांगायचं नाही, हे तिथं शिकवायला लागत नसे. चुकीची फुटलेली अँप्युल कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दाबायची, वर कापसाचे बोळे टाकायचे. चुकीची गोळी गेली असेल तर रात्रभर त्या पेशंटच्या आसपास घोटाळायचं, उगाच नाडी बघायची, उगाच पाणी विचारायचं, आणि सकाळी तो उठून बसला की देवाला नारळ. “आम्ही काय राक्षस होतो का?” आत्या म्हणाली, “पण सांगितलं की मेट्रन सगळ्यांसमोर टोपी काढायला लावायची. घरी पत्र जायचं. आणि घरचे म्हणायचे, चला, लग्न करून टाकू.” आत्याच्या बॅचमधली एक मुलगी अशीच घरी गेली. ती हुशार होती, आत्या म्हणते, माझ्यापेक्षा हुशार. तिच्या हातून काय झालं होतं ते आत्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आत्या मऊ आहे असं मात्र कुणी समजू नये. पुढं ती इन्चार्ज झाली तेव्हा एका विद्यार्थिनीला काढा म्हणून तिनं स्वतः लेखी दिलं होतं. त्या मुलीनं कुणालाही चुकीचं औषध दिलेलं नव्हतं. ती टीपीआरचा चार्ट खाटेपाशी न जाताच भरायची. ताप, नाडी, श्वास. सगळ्या वॉर्डाला ताप ९८.६, नाडी ७२, श्वास १८, ओळीनं खालपर्यंत, सुंदर अक्षरात. त्यात एका खाटेवरच्या बाईला दुपारपासून ताप चढत होता. “चुकणारीला मी शेजारी उभं करून शिकवीन,” आत्या म्हणाली, “पण जिचा कागद खोटा आहे तिच्या हाताखाली मी माझा पेशंट नाही ठेवणार.” मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मी ऐकलेलं सगळ्यात स्पष्ट वाक्य हेच. आणि मजा अशी, म्हणजे मजा कसली, की खोटा चार्ट भरणारी पोरगी पकडली जात नाही तोवर कुठल्याच रजिस्टरात येत नाही. रजिस्टरात येते ती धावत जाऊन सांगणारी.

पोटॅशियमची गोष्टही आत्यानंच सांगितली. पूर्वी पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युल वॉर्डात एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असत. दोन्ही पारदर्शक, दोन्ही १० मिलीच्या. पावडरचं इंजेक्शन पातळ करायला पाणी म्हणून हात जायचा, आणि पोटॅशियम सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं, तिथं डेक्स्ट्रोजसारखा उतारा द्यायला वेळही मिळत नाही. जगभर यानं माणसं गेली. मग बऱ्याच रुग्णालयांनी ते वॉर्डातल्या ट्रेमधून उचललं, वेगळ्या कपाटात कुलपात ठेवलं, काहींनी वॉर्डातून पारच काढून मेडिकलमध्ये नेलं. “त्यानंतर पोरी काय एकदम शहाण्या झाल्या का?” आत्या म्हणाली. “पोरी त्याच. कपाट बदललं.” इन्सुलिनचंही तसंच. अमेरिकेत आणि इंग्लंडात माणसांसाठीच्या ४० च्या बाटल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातच बंद झाल्या, आता तिथं ४० चं इन्सुलिन कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडे सापडतं. आपल्याकडे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, आणि फरक ओळखायचा तो टोपणाच्या रंगावरून, संध्याकाळच्या घाईत, ट्यूबलाइटच्या उजेडात.

बिल मी घरी आल्यावर नीट वाचलं. तोवर वाचलं नव्हतं, राजूनं कार्ड दिलं आणि विषय संपला. औषधांच्या यादीत एका ओळीत इन्सुलिनची १०० ची बाटली होती, आणि दोनच ओळी खाली ‘इन्सुलिन सिरिंज ४०’ असं लिहून त्यांची संख्या. एकाच काउंटरवरून, एकाच तारखेला, एकाच संगणकानं दोन्ही छापलं होतं. म्हणजे ही चूक त्या मुलीच्या हातात पोचण्याआधी मेडिकलमध्ये घडून गेलेली होती. ऑर्डर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ताकद लिहिली नव्हती, मेडिकलवाल्यानं विचारली नव्हती, बाटली वर आणणाऱ्या वॉर्डबॉय मामांना काय कळणार, आणि बाटली ताब्यात घेऊन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या सिस्टरांनी, ज्यांच्याकडे त्या पाळीत अख्खा वॉर्ड होता, तिच्याकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या हातातून निसटत ती शेवटच्या हातात आली. शेवटचा हात १९ वर्षांचा होता. आणि एकट्या त्या हाताचं बोट लेबलावर थांबलं, हेही खरंच.

रात्री झोप येत नाही तेव्हा माणूस मोबाइलवर नको ते वाचतो. अमेरिकेतल्या रॅडोन्डा वॉट या नर्सची केस मी अशीच वाचली. नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट रुग्णालय, २०१७ चा डिसेंबर, शार्लीन मर्फी नावाच्या ७५ वर्षांच्या बाई. स्कॅनच्या यंत्रात जायची भीती वाटते म्हणून त्यांना थोडं शांत करणारं औषध, व्हर्सेड, द्यायचं होतं. औषधांच्या स्वयंचलित कपाटात वॉटनं नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. कपाटात ते औषध मिडॅझोलॅम या मूळ नावानं नोंदवलेलं होतं, त्यामुळे सापडलं नाही. तिनं ओव्हरराइड केलं, म्हणजे यंत्राची अडवणूक ओलांडली, आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारं व्हेक्युरोनियम बाहेर आलं. ते स्नायू लुळे पाडणारं औषध. बाईंचा श्वास बंद पडला, त्या वाचल्या नाहीत. हे वाचताना मी सतत वॉटच्या बाजूनं होते असं नाही. व्हर्सेड पातळ असतं, ही पावडर होती, ती तिनं पाण्यात मिसळली. टोपणावर इशारा छापलेला होता. इंजेक्शन दिल्यावर ती बाईंपाशी थांबलीही नाही. एकामागून एक इतक्या ठिकाणी थांबता आलं असतं, की वाचताना आपणच ओरडतो, अगं बघ ना!

पण पुढचं वाचलं आणि माझं बोट स्क्रीनवर थांबलं. तिनं लगेच कबूल केलं होतं. रुग्णालयानं मात्र हा मृत्यू औषधाच्या चुकीनं झाला हे सरकारी यंत्रणेला कळवलं नाही. घरच्यांशी न्यायालयाबाहेर तडजोड झाली, तिला नोकरीवरून काढलं, आणि प्रकरण मिटल्यासारखं झालं. २०१८ मध्ये कुणीतरी निनावी तक्रार केली तेव्हा ते वर आलं. २०१९ मध्ये तिला अटक झाली, २०२१ मध्ये परवाना गेला, मार्च २०२२ मध्ये ज्यूरीनं तिला दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, मिळाली. तिथं त्या काळात ओव्हरराइड करणं रोजचंच झालं होतं असं ती सांगत होती. फौजदारी खटला मात्र तिच्या एकटीवर चालला, रुग्णालयावर नाही. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते मर्फीबाईंच्या घरचं. शिक्षेच्या सुनावणीत मुलगा म्हणाला की तिनं तुरुंगात जावं असं आईला वाटलं नसतं, पण वडिलांना मात्र तिला तुरुंगच व्हावा असं वाटतं. एकाच घरातली दोन माणसं. मला राजूची आणि माझी आठवण आली, आमच्या घरात कुणी गेलेलं नसताना.

गेलेलं नसताना. इथंच तर माझी सगळी गोची आहे.

कारण अण्णा गेले असते तर मी हे असं लिहिलं असतं का? नसतं. मी पोलीस स्टेशनात असते. तीच मुलगी, तीच सिरिंज, तीच पाव मिलीची रेघ, आणि तिचं लक्ष बाटलीकडे अर्ध्या तासानं गेलं असतं तर माझ्या मनातला न्याय वेगळा झाला असता. म्हणजे आपण चूक तोलत नाही, परिणाम तोलतो, आणि परिणाम बराचसा नशिबाचा. कायदाही काही फार वेगळं करत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणानं मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना तसं झालं तर मात्र कमाल दोन वर्षं. आणि डॉक्टर कोण, तर वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली ज्यांची पदवी मान्य आणि ज्यांचं नाव वैद्यकीय नोंदवहीत, ते. नर्स त्यात येत नाही, नर्सिंगची विद्यार्थिनी तर नाहीच. म्हणजे ताकद न लिहिता ऑर्डर लिहिणारा हात आणि ती ऑर्डर पाळणारा हात एकाच खाटेपाशी असले तरी कायद्याच्या पुस्तकात ते एका ओळीत नाहीत. हे मी दोनदा वाचलं. राजूला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘मग?’

आणि अजून एक सांगते, सांगायला आवडत नसलं तरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच मुलगी ट्रे घेऊन आली असती तर मी तिला अण्णांना हात लावू दिला नसता. मनात सगळं कळत असूनही नसता. तिला काढू नये असं मला वाटतं, आणि तिनं माझ्या बापाला टोचू नये असंही मला वाटतं. ही दोन्ही वाक्यं माझ्याच तोंडची आहेत. ती कुठल्या तरी दुसऱ्याच्या बापावर शिकली असती तर मला चाललं असतं, असा याचा अर्थ होतो का? होतो बहुधा. पण काढणं आणि थांबवणं यात फरक आहे. आत्या म्हणते, अशा मुलीला महिनाभर इन्सुलिनच्या ट्रेपासून लांब ठेव, रोज फळ्यावर डोसची गणितं करून घे, मग ट्यूटरनं शेजारी उभं राहून दहा वेळा भरून घे. गणितच जमत नसेल तर वर्ष राहू दे मागं. तीनदा शिकवूनही तेच होत असेल तर सांग बाई, हे काम तुझं नाही. यातलं काहीच एका रात्रीत होत नाही. एका रात्रीत होतं ते नाव कमी करणं.

त्या रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये शपथविधीचा एक मोठा फोटो आहे. पांढऱ्या पोशाखातल्या मुलींच्या रांगा, प्रत्येकीच्या हातात दिवा, चेहरे खालून उजळलेले. रक्ताच्या तपासणीला जाता-येता मी त्याखालून जायचे. विद्यार्थिनी म्हणून त्या फोटोत आहेत, वॉर्डात मात्र त्या मनुष्यबळ असतात. रात्रपाळीला एक स्टाफ सिस्टर आणि बाकी निळ्या पोशाखातल्या मुली, हे ज्यानं कधी पेशंटपाशी रात्र काढली आहे त्याला ठाऊक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स धरलेली आहे. मी आमच्या वॉर्डातल्या खाटा मोजल्या नाहीत, पण तीन नव्हत्या एवढं सांगते. ट्यूटरबाई दिवसा एकदा येऊन सह्या करून जात. म्हणजे काम करून घेताना ती मुलगी स्टाफ होती आणि चुकल्यावर ती विद्यार्थिनी झाली, कारण विद्यार्थिनीचं नाव कमी करता येतं. स्टाफला काढायचं तर नोटीस, चौकशी, युनियन, काय काय लागतं.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. तो विषय औषधाचा नाही, आणि ती रात्र आठवली की कुणाचीही बाजू घ्यावीशी वाटत नाही. पण कारवाई कशी उतरत गेली ते मला आठवतं. कायम नोकरीतल्यांचं निलंबन, कंत्राटावरच्यांची थेट सेवा समाप्त. त्यात दोन परिचारिका होत्या आणि पुढं पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला तो त्या दोघींवर. जो जितका खाली, त्याला हलवणं तितकं सोपं.

अण्णांनी ३० वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. या सगळ्यावर त्यांचं म्हणणं त्यांनी एकदाच, भाकरी कुस्करता कुस्करता सांगितलं. गाडी कुठं कलंडली की ड्रायव्हर त्याच दिवशी घरी बसायचा, पेपरात नाव यायचं. पण गाडी ओढून डेपोत आणली की अण्णा तिच्या खाली शिरायचे. ब्रेकचे लायनर, हवेचा दाब, स्टिअरिंगचे सांधे, टायर, सगळं बघून लिहून द्यायचे. “डायवर चुकला असंल तर असंल,” ते म्हणाले. “पण लायनर झिजल्यालं असंल तर दुसरा डायवर बसवून काय करतो? गाडी तीच ना?” मग शेंगाचटणी पुढं ओढत मला विचारलं, “त्या बाईनं गाडी बघितली का? का नुसता डायवरच बदलला?” राजू म्हणाला, “अण्णा, डायवरला लायसन असतं, ही शिकाऊ होती.” अण्णा म्हणाले, “मग शेजारी कोण बसलं हुतं?”

त्या मुलीचं पुढं काय झालं हे मला माहीत नाही. वर्षाच्या मध्यात नाव कमी झालेल्या मुलीला दुसऱ्या कॉलेजात शिरकाव मिळणं किती अवघड ते आत्यानं सांगितलं. भरलेली फी परत येत नाही, कागदपत्रं महिनोन् महिने अडकतात, गावात उत्तर द्यावं लागतं. सिअ‍ॅटलच्या मुलांच्या रुग्णालयातली एक नर्स मी वाचलेल्या गोष्टींत होती. दोन दशकांहून जास्त अनुभव, २०१० साली एका तान्ह्या बाळाला कॅल्शियमचा दहापट डोस गेला, तिनं लगेच स्वतःहून सांगितलं, तिला काढलं, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तिनं आपलं आयुष्य संपवलं. हे वाचल्यावर मी रुग्णालयात फोन केला. मुलगी ठीक आहे का एवढंच विचारायचं होतं. “त्या आता आमच्याकडे नाहीत,” रिसेप्शनवरून उत्तर आलं, “आपली काही तक्रार आहे का?”

मग पत्रच लिहिलं. मराठीत, साधं. बिलाची झेरॉक्स जोडली, त्या दोन ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारली. वॉर्डात ४० च्याच सिरिंज असताना मेडिकलनं १०० ची बाटली कशी दिली, ती वॉर्डात आली तेव्हा कुणी घेतली, इन्सुलिनसारखं जोखमीचं औषध भरताना दुसऱ्या माणसानं पडताळायचं हा नियम तुमच्याकडे आहे का आणि असेल तर त्या संध्याकाळी तो दुसरा माणूस कोण होता, आणि तेव्हापासून दोन्ही ताकदींच्या बाटल्या अजून त्याच फ्रिजमध्ये आहेत का, एवढं विचारलं. शेवटी लिहिलं की आमच्या वडिलांचा जीव त्या विद्यार्थिनीनं वेळेवर सांगितल्यामुळे वाचला, तिला परत घ्यावं, आणि आमची तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

राजूनं सगळं वाचलं, मेडिकलवाल्या ओळीपाशी “हे बरोबर आहे, हे कडक लिही” म्हणाला, आणि शेवटच्या वाक्यावर अडला. “परत घ्या असं मी सही करून सांगणार नाही. उद्या तिच्या हातून कुणाचं काही झालं तर?” मी म्हटलं, अरे, पुन्हा कधी लेबल न वाचता सिरिंज भरणार नाही अशी त्या कॉलेजातली एकच मुलगी असेल, ती ही. तो म्हणाला, “ते तुला वाटतं.” बराच वेळ वाद झाला, आत्याला फोन लावून झाला, तीही आधी माझ्या बाजूनं आणि मग अर्धवट त्याच्या बाजूनं बोलली. शेवटी पत्राचे दोन भाग केले. प्रश्नांखाली तिघांच्या सह्या, आणि शेवटचं वाक्य वेगळ्या कागदावर, त्याखाली माझी आणि अण्णांची. अण्णांनी सही करून खाली सावकाश ‘हेड मेकॅनिक, निवृत्त’ असंही लिहिलं. दोन्ही कागद एकाच पाकिटात घालून राजूच बार्शीच्या पोस्टात गेला आणि स्पीड पोस्टाच्या पावतीचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘टाकलं. पण मला पटलेलं नाही.’